कानपूरची सावली

कानपूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या घरात, वर लू. तिथं १९६० च्या दशकात आयआयटीच्या इमारती रचल्या अच्युत कानविंद्यांनी. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचा माणूस, जे. जे.मध्ये शिकून हार्वर्डला गेलेला. त्यांनी इमारती लांबलचक सावलीच्या वाटांनी जोडल्या. एका वर्गातून दुसऱ्यात जाताना पोरांना ऊन लागू नये, एवढंच. विजेचा खर्च शून्य!

पुढे याच आवारात पर्यावरण विभागाची इमारत झाली, ‘गृह’ मानांकन मिळवणारी देशातली पहिली. तिथं बाहेरची हवा जमिनीखालच्या बोगद्यातून फिरवून आत घेतात. खोलवर माती वर्षभर साधारण एकाच तापमानाला असते ना. कौतुक आहेच हो. पण इकडे जुन्या सरकारी कॉलेजांत दुरुस्तीच्या नावाखाली व्हरांडे काचा लावून बंद करतात, मग एसी बसवतात. ते व्हरांडे आधी उघडा की राव!