वाडीनं घडवलेली माणसं

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर पूर्वी ‘कुंडल रोड’ नावाचं स्टेशन होतं. आजूबाजूला निवडुंग, काटेरी झुडपं आणि सापांनी भरलेला खडकाळ माळ. मुलूख औंध संस्थानचा. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर आपली यंत्रं, मूठभर कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन या माळावर उतरले. पुढं त्या स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी झालं. आमच्या भागात एवढं लांब नाव कुणी घेत नाही. नुसतं ‘वाडी’ म्हटलं की पुरे.

माझं गाव वाडीपासून पायी दोन तासांवर. माझा आजा वाडीच्या फौंड्रीत होता. घरची जमीन चार एकर, तीही मुरमाड, पावसाच्या भरवशावरची. तिघा भावांचं त्यात भागत नव्हतं. मी स्वतः बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये निदेशक होतो, पोरांना फिटरकाम शिकवलं. सरकारी कागदावर फिटरला ‘जोडारी’, टर्नरला ‘कातारी’ आणि वेल्डरला ‘संधाता’ म्हणतात. पोरं ते शब्द फक्त दाखल्यावर बघतात. त्या नोकरीत असताना एक गोष्ट मला सारखी खुणावत राहिली. ज्या माळावर साधं कुसळ उगवत नव्हतं, तिथं कसबी कामगार कुठून उगवले? मुंबईहून आणलेले म्हणावेत, तर मुंबईचा कारागीर या माळावर कशाला येईल?

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंग ओळखण्यात डोळे दगा देतात हे कळलं. मग यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. नोकरी सोडून बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवलं. कडबा कापायचं यंत्र काढलं, १९०३ साली लोखंडी नांगर केला. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पुढं बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोडजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

जमीन आणि पैसा आला, माणसांचं काय? सुरुवातीच्या साथीदारांत कागदावर मिरवावी अशी पदवी फार थोड्यांकडे होती. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यात सोडलेली. पुढं ते कल्पक अभियंता म्हणून नावाजले. कारकून म्हणून आलेल्या मंगेशराव रेग्यांनी साऱ्या कारखान्याचे हिशेब सांभाळले. शंभोअण्णा जांभेकर यंत्रात रमले. रामूअण्णांनी घरं, रस्ते, पाणी बघत वसाहत उभी केली. बाकीची माणसं आसपासच्या गावांतली. कुळवाडी, शेतमजूर, कधी सुतार-लोहाराची पोरं. ज्याच्या हाताला जे जमेल त्यावर त्याला लावायचं, तिथंच शिकवायचं, ही रीत.

माझा आजा ओतकामाला लागला, साधारण १९२५च्या सुमाराला. त्याला अक्षरओळख नव्हती. पण तो सांगायचा ते ऐकताना मला पुढं नेहमी वाटत आलं, की शिकवणं म्हणजे काय हे त्याच्या मिस्त्रीला नेमकं कळलं होतं. नांगराचा भाग ओतायला आधी रेतीचा साचा करावा लागतो. रेतीत ओल जास्त झाली, तर लोखंडाचा रस पडताच वाफ धरते आणि मालाला भोकं पडतात. ओल कमी झाली, तर साचा ढासळतो. ही ओल बरोबर किती, हे नव्या माणसाला समजवायचं कसं? मिस्त्रीनं आज्याला विचारलं, “रानात वापसा आलाय का न्हाई, कसं बघतोस?” आजा म्हणाला, “मूठभर माती दाबून बघतो. ढेकूळ हातात ऱ्हायलं पायजे, पर चिखल बोटाला लागाय नगं.” मिस्त्री म्हणाला, “मग झालं की! ह्ये बी रानच हाय. दाब मूठ.”

आज्याच्या तोंडून ही गोष्ट मी पन्नासेक वेळा ऐकली असेल. ‘दाब मूठ’ म्हणताना तो हात पुढं करायचा, आणि त्या तळहातावरचे भाजल्याचे पांढरे डाग दिसायचे. नोकरीत मला शिकवण्याच्या पद्धतींवर पुष्कळ प्रशिक्षणं मिळाली. पण शेतकऱ्याला जे आधीच येतं त्याच्यावरच नवं कसब बांधायचं, हे मला त्या मिस्त्रीनं शिकवलं, ज्याला मी कधी पाहिलंही नाही.

वाडीची आणखी एक गोष्ट त्या भागात सगळे सांगतात, ती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांगाची. दोघेही दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेले. त्या काळी काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१चा कायदा इंग्रजी मुलखात चालू होता, आणि संस्थानातली माणसंही काही वेगळ्या नजरेनं बघत नव्हती. लक्ष्मणरावांनी या दोघांना रखवालीला ठेवलं. ज्यांच्या भीतीनं लोक दाराला कडी घालत, त्यांच्या हाती वाडीची रात्र दिली. दोघांनीही तो भरवसा राखला.

ही गोष्ट सांगताना लोक लक्ष्मणरावांच्या मोठ्या मनापाशी थांबतात. मला तिच्यातला दुसरा भाग मोठा वाटतो. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला उपदेश पुष्कळ मिळतो. दरमहा पगार आणि राहायला घर कोण देतं? तोच विचार औंध संस्थानात पुढं आणखी एकदा उगवला. १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. तिच्यामागं पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत होते. कैदी तिथं भिंतीविना राहत, शेती करत. व्ही. शांताराम यांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून सुचलेला.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्यानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. आजा सांगायचा, फौंड्रीत भट्टीपुढं सगळे सारखेच काळे. पण संध्याकाळी गावाच्या वेशीत पाय टाकला, की ज्याची त्याची वाट निराळी व्हायची. त्याच्याबरोबर साचा धरणारा जोडीदार महारवाड्यातला. दिवसभर दोघं एका माठातलं पाणी प्यायचे, पण त्याला आमच्या घरी उंबऱ्याच्या आत यायला माझ्या बापाचं लग्न उजाडावं लागलं. तरी तो आला. पगार हातात आल्यावर माणूस गावच्या पाटलापुढंही ताठ बसतो, हे गावानं पाहिलं होतं. काही बागाईतदारांना ते रुचलं नाही. “वाडीनं गडी महाग केलं,” ही त्यांची कायमची कुरकुर.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड यायचं थांबलं, तेव्हा शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून वाडीत नांगर ओतले गेले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आणि १९२६च्या सुमारास पाण्याचे पंप निघाले. १९२०मध्ये ‘किर्लोस्कर’ आणि १९३०मध्ये ‘स्त्री’ ही मासिकं याच माळावरून निघून घरोघर गेली.

या यादीत एक धागा आहे. वाडीत जे बनायचं, ते कामगाराच्या बापाच्या रानात चालायचं. आज्यानं ओतलेला नांगर आमच्याच शिवारात हरळी उपटायचा. नांगर हलका चालतो का, फाळ किती दिवसांत झिजतो, हे त्याला भावकी सांगायची, तेही न विचारता. सुट्टीच्या दिवशी लोक बिघडलेला पंप घेऊन दारात यायचे. त्यामुळं कसब कारखान्याच्या भिंतीआड राहिलं नाही. मोट सुटून पंप आले, तेव्हा आमच्या पंचक्रोशीत दुरुस्तीला बाहेरून माणूस आणावा लागला नाही. गल्लीत दोन घरांआड एक जण वाडीवर जाणारा होताच.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी याच्या उलटं बघत होतो. पोरगं दोन वर्षांचा कोर्स करतं, दाखला घेतं आणि लांबच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागतं. कुठल्या यंत्राचा कुठला भाग आपण घासतोय, हे त्याला ठाऊक नसतं. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, पोरगं घरी येतं. आई विचारते, “सायेब, ह्येला कायम नोकरी कुठं लागंल?” माझ्यापाशी उत्तर नसायचं. पोरगं आळशी नव्हतं. त्याच्या शिक्षणाचा गावाशी कुठं सांधाच जुळलेला नव्हता.

मग मी एक केलं. आमचा भाग आता द्राक्षांचा. औषध फवारायचे ब्लोअर, ठिबकचे फिल्टर, पाण्यातल्या मोटरी, असं बिघडलेलं सामान शेतकऱ्यांकडून मागवायचं आणि पोरांना त्याच्यावरच शिकवायचं. साहेबांच्या तपासणीत त्याला गुण नव्हते, म्हणून ते अभ्यासक्रम संपवून शनिवारी चालायचं. शेतकरी जवळ उभा राहून बघायचा आणि पोरगं चुकलं की बोलायचा. एका तुकडीतल्या चार पोरांनी पुढं तालुक्याच्या रस्त्याला दोन गाळे घेतले. हंगामात त्यांना जेवायला सवड नसते, आणि त्यांच्या हाताखाली आता सहा पोरं शिकतात. चार म्हणजे फार नाहीत, हे मला कळतं. सगळीच काही गाळे घेणार नाहीत; कारखाने लागतातच, आणि ते जवळ असले तर उत्तम.

पण सरकारनं गावासाठी नवी प्रशिक्षण योजना आणली, की मी आता तीन गोष्टी विचारतो. शिकून झाल्यावर काम कुठं आहे? शिकवणाऱ्यानं ते काम स्वतःच्या हातानं केलंय का? आणि बनलेली वस्तू शिकणाऱ्याच्या शेजाऱ्याला लागते का? १९१०च्या माळावर या तिन्हींची उत्तरं होती, म्हणून नांगरामागं चालणारी माणसं नांगर ओतायला शिकली.