जुन्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव : पहिली किंमत कशी ठरवावी?

लिलावात वस्तूची अंतिम किंमत ग्राहक ठरवतात. विक्रेत्याच्या हाती उरतो तो एकच महत्त्वाचा निर्णय : बोली कोणत्या रकमेपासून सुरू करायची. नव्या वस्तूवर छापील किंमत असते, जुन्या वस्तूवर नसते. त्यामुळे हा निर्णय चुकला तर एक तर वस्तू पडून राहते किंवा कवडीमोलाने जाते. पेडणे आणि डिचोलीसारख्या, ग्राहकसंख्या मर्यादित असलेल्या तालुक्यांत ही जोखीम अधिक असते.

पावणी आणि ऑनलाइन लिलाव

गोमंतकीयांना लिलाव नवा नाही. देवस्थानांच्या जत्रोत्सवात देवाला अर्पण झालेल्या फळांची व अन्य वस्तूंची पावणी होते. खाजन शेतीच्या गावांत मानशीवरील मासेमारीचा हक्कही लिलावाने दिला जातो. पावणीत नारळाची बोली नाममात्र रकमेने सुरू झाली तरी चिंता नसते. मंडपात माणसे जमलेली असतात, एकमेकांची बोली ऐकत असतात आणि बोलीत श्रद्धेचाही वाटा असतो. ऑनलाइन लिलावात ही गर्दी गृहीत धरता येत नाही. दिलेल्या मुदतीत दहाजण येतील, एकच येईल किंवा कोणीही येणार नाही.

इंटरनेटवरील लिलावाला खरी चालना १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ईबे’ने दिली. तेथे आरंभी विकल्या गेलेल्या वस्तूंत एक नादुरुस्त लेझर पॉइंटर होता, त्याला १४.८३ डॉलर मिळाले. भारतात २००० साली सुरू झालेली ‘बाझी’ ही लिलावसेवा २००४ मध्ये ईबेने घेतली आणि २०१८ मध्ये ‘ईबे इंडिया’ बंद झाली. आज घरगुती वस्तूंच्या विक्रीत मागणीकिंमत टाकून घासाघीस करण्याची पद्धत अधिक रूढ आहे. मात्र जप्त वाहने, विमा कंपन्यांकडील अपघातग्रस्त वाहने, सरकारी भंगार आणि जुन्या मोटारी यांची विक्री मोठ्या प्रमाणात ऑनलाइन लिलावानेच होते. केंद्र सरकारची ‘एमएसटीसी’ ही कंपनी अशा ई-लिलावांसाठी ओळखली जाते.

दोन किमतींतील फरक

प्रारंभिक किंमत म्हणजे ज्या रकमेपासून बोली सुरू होते ती. राखीव किंमत म्हणजे ज्या रकमेखाली विक्रेता वस्तू देणार नाही ती. काही लिलावांत राखीव किंमत गुप्त असते आणि प्रारंभिक किंमत तिच्याहून कमी ठेवली जाते. बँकांच्या व सरकारी ई-लिलावांत बहुधा राखीव किंमतच जाहीर होते आणि बोली तेथूनच वर जाते.

लिलावातील विक्रीची रक्कम प्रामुख्याने दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकावर अवलंबून असते. सर्वांत उत्सुक ग्राहकाला दुसऱ्याच्या थोडे पुढे जाणे पुरेसे असते. साहजिकच एकच ग्राहक आला, तर प्रारंभिक किंमत हीच विक्रीची किंमत ठरते. घरगुती विक्रेत्याने सर्वप्रथम ध्यानात घ्यावी अशी गोष्ट हीच.

आकड्यांचे एक उदाहरण

समजा, डिचोलीतील एका घरात जुना जनरेटर पडून आहे आणि मालकाला त्याचा काहीही उपयोग नाही. येणारा ग्राहक त्यासाठी शून्यापासून ४०,००० रुपयांपर्यंत कितीही देण्यास तयार असू शकतो आणि प्रत्येक रकमेची शक्यता सारखीच आहे. ग्राहक एकच असेल आणि बोली १०,००० पासून सुरू केली, तर विक्रीची शक्यता चारात तीन. सरासरी प्राप्ती ७,५०० रुपये. ३०,००० ठेवले, तर शक्यता चारात एक. सरासरी पुन्हा ७,५००. २०,००० ठेवले, तर शक्यता निम्मी आणि सरासरी १०,०००. एका ग्राहकासाठी हीच सर्वोत्तम प्रारंभिक किंमत होय.

आता ग्राहक दोन आले असे मानू. कोणतीही किमान किंमत न ठेवता सरासरी प्राप्ती सुमारे १३,३०० रुपये होते. २०,००० ची किमान किंमत ठेवल्यास ती सुमारे १६,७०० वर जाते. म्हणजे एक जादा ग्राहक हा अचूक ठरवलेल्या किमतीहूनही अधिक मोलाचा. जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये हाच निष्कर्ष गणिताने मांडला. प्रत्यक्ष विक्रीवरील अमेरिकेतील प्रयोगांतही किमान किंमत वाढवल्यास बोलीदार घटतात, न विकल्या जाणाऱ्या वस्तू वाढतात, पण विकल्या जाणाऱ्या वस्तूंना भाव अधिक मिळतो, असे आढळले आहे.

कमी किमतीने गर्दी जमते आणि गर्दी पाहून आणखी ग्राहक येतात, हेही खरे. पण हा डाव मागणी भरपूर असलेल्या वस्तूलाच साधतो. चालू स्थितीतील, सर्वत्र खपणारी दुचाकी कमी किमतीपासून सुरू करता येईल; विशिष्ट यंत्राचा सुटा भाग किंवा जुने लाकडी कपाट तसे विकणे धोक्याचे.

डिचोलीच्या ट्रकांचा धडा

राज्य सरकारने १० सप्टेंबर २०१२ रोजी खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवले. खनिजवाहू ट्रकांचे काम एकाच वेळी संपले. १६ मार्च २०१८ पासून ८८ खाणपट्टे बंद झाले तेव्हा तीच वेळ पुन्हा आली. एकाच प्रकारची असंख्य वाहने विक्रीयोग्य आणि घेणारा कोणी नाही, अशा बाजारात खरेदीच्या वेळची किंमत वा कर्जाची शिल्लक यांचा भावाशी संबंध उरत नाही. कर्ज किती बाकी आहे हे ग्राहक पाहत नाही. त्या आकड्यावर बेतलेली प्रारंभिक किंमत ग्राहकाला दूर ठेवते.

वाहन बँकेने सरफेसी कायदा, २००२ नुसार ताब्यात घेतले असेल, तर प्राधिकृत अधिकारी मूल्यांकन करवून घेतो आणि आवश्यक वाटल्यास राखीव किंमत ठरवतो. जंगम मालमत्तेच्या विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. विक्रीतून देणे फिटले नाही, तर उरलेली रक्कम वसूल करण्याचा मार्ग बँकेला खुला राहतो; देणे फिटून रक्कम उरली, तर ती हक्कदाराला मिळते. म्हणूनच राखीव किमतीचा आकडा कर्जदाराने दुर्लक्षू नये. ती अवाजवी कमी वाटल्यास लेखी हरकत घेणे आणि या मुदतीत इच्छुक ग्राहकांना लिलावाची माहिती देणे त्याच्याच हिताचे असते.

किंमत ठरवण्याचा क्रम

प्रथम तशाच वस्तू कितीला विकल्या गेल्या ते पाहावे. जाहिरातीतील मागणीकिंमत हा पुरावा नव्हे. त्यातून दुरुस्ती, वाहतूक व कागदपत्रांचा खर्च वजा करावा, कारण ग्राहक तो मनातल्या मनात वजा करतोच. पेडण्याचे वाहन सावंतवाडीच्या किंवा डिचोलीचे दोडामार्गच्या ग्राहकाला विकायचे, तर राज्य बदलते. तेव्हा हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० बरोबर नमुना २८ वरील ना-हरकत दाखलाही लागतो. कर्जाची नोंद असल्यास ती नमुना ३५ ने आधी रद्द करून घ्यावी. कागदपत्रे तयार असतील, तर सीमेपलीकडचा ग्राहकही बोलीत उतरतो.

यानंतर वस्तू स्वतःकडेच ठेवण्याचे आपल्याला किती मोल आहे ते ठरवावे. प्रारंभिक किंमत त्याखाली कधीही नसावी. ग्राहक मोजकेच असतील, तर ती त्याहून थोडी वरच ठेवावी. दोष, वापराचा काळ आणि छायाचित्रे स्पष्ट द्यावीत. लपवलेला दोष ग्राहकाला बोली आवरती घ्यायला लावतो. बोली न आल्यास किंमत एकदम निम्मी न करता आधी जाहिरातीचा आवाका वाढवावा आणि मग टप्प्याने उतरावे.

खोटी बोली नको

भाव चढवण्यासाठी नातेवाइकाला बोलीत उतरवण्याचा मोह टाळावा. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ नुसार विक्रेत्याने बोलीचा हक्क उघडपणे राखून ठेवलेला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा ठरते. कृत्रिम बोलीने भाव वाढवल्यास खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. राखीव किंमत ठेवण्यास मात्र हेच कलम मोकळीक देते. किमान अपेक्षेचे रक्षण करण्याचा हा सरळ मार्ग उपलब्ध असताना आडवाटेला जाण्याचे कारण नाही.