कापूस विकतो, पण सरकीचा भाव विचारतो का?

वेचणी सुरू आहे, व्यापारी दारात येतोय. म्हणून आज थोडा इतिहास.

आपल्या मराठवाड्याचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोच बंदरावर यायचा, तेरहून तर कापड भरपूर. धावड्याहून अजिंठ्याची लेणीही काही फार लांब नाहीत. तिथल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रात हातरुळाने सरकी काढणारी बाई आहे, असं अभ्यासक सांगतात.

म्हणजे रुई आणि सरकी वेगळी व्हायची ती हातानं, गावातच. रुई बाजारात, सरकी बैल-म्हशीपुढं, पऱ्हाटी चुलीत. पुढं १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली, जिनिंग वाढल्या आणि आपण सरकीसकट कापूस विकायला लागलो. सरकी घरातून गेली ती गेलीच. आता तीच पेंड होऊन पोत्यात परत येते आणि आपण ती विकत घेतो.

आता हिशोब बघा. एक क्विंटल कापसात रुई साधारण ३३ ते ३६ किलो, बाकी बहुतेक सरकीच. साध्या घाण्यावर १०० किलो सरकीतून १२-१३ किलो तेल निघतं, उरलेली बरीचशी पेंड. सरकीला चिकटलेली बारीक लव, म्हणजे लिंटर, तीही वाया जात नाही. तिच्यापासून कागद आणि सेल्युलोज बनतं. १८४६ मध्ये युरोपात कापसापासून स्फोटकसुद्धा बनवलं गेलं. आपल्या खिशातल्या नोटेचा कागद पण कापसाचाच.

राहिली पऱ्हाटी. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे. पऱ्हाटीच्या भुशापासून पार्टिकल बोर्ड तयार होतो हे तिने दाखवून दिलंय. आपण मात्र ती बांधावर रचून ठेवतो, आणि तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट बघत पडून राहते. त्यापेक्षा श्रेडर फिरवा, रानालाच खत होईल.

व्यापारी रुईचे भाव पडले म्हणाला, की एवढंच विचारा, "भाऊ, सरकी काय भाव चाललीय?" कापसाचा दर या दोन्हींवर ठरतो.

तुमच्याकडं यंदा सरकी आणि पेंडीचा काय भाव आहे, कळवा.