पहाटेचा बाजार आणि हिशेबाची पट्टी



इतिहासावर बोलण्यासाठी आम्हांस बोलावणे आले, तेव्हा त्याचे नवल आमच्या घरच्यांनाही वाटले. आमची शाळा नववीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते गोण्यांच्या थप्पीवर बसून आणि संघटनेच्या कचेरीत दिव्याखाली. तेव्हा ज्या जागेचा इतिहास आम्ही आधी पायांनी वाचला आणि मागाहून पुस्तकांत पाहिला, त्याच जागी आपणांस घेऊन जातो.

गुलटेकडीचा मार्केट यार्ड पाहायचा तर पहाटे चारला पाहावा. शहर झोपलेले असते आणि इथे दिवस डोक्यावर आलेला असतो. पुरंदरचा वाटाणा, जुन्नरकडची भाजी, खेडचा बटाटा, नगरचा कांदा ह्यांचे टेम्पो एकामागे एक लागलेले. फळी पडते आणि पाठीवर डाग घेतलेला माणूस धावू लागतो. होय, धावतोच, ओझ्याखाली सावकाश चालणे अधिक जड जाते, हे ज्याने वाहिले आहे त्यालाच ठाऊक. कोथिंबिरीचा ओला वास, अडत्याची आरोळी, काट्यावरचा लुकलुकणारा आकडा. सात वाजेपर्यंत निम्मा खेळ आटोपलेला असतो, आणि आपण ज्याला सकाळचा ताजा बाजार म्हणता, तो उरलेला निम्मा.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका पहाटे सासवडकडचे एक वयस्क शेतकरी आमच्यापाशी आले. हातात पट्टी होती. म्हणाले, "पुढारी, वाचा की जरा. चष्मा घरी ऱ्हायला." आम्ही वाचून दाखवली. वाटाण्याच्या चौदा गोण्या, वजन, भाव, एकूण रक्कम. आणि त्याखाली वजाबाकी : हमाली, तोलाई, मोटारभाडे. म्हातारबुवांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हमाली वाढून मिळाली म्हनं तुमच्या मानसांना. लई ब्येस झालं. पर ती शेटनं दिली का म्या दिली?"

त्या वाढीचे पेढे आम्ही स्वतः वाटले होते. आम्हांस उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न त्या दिवशी उपजलेला नाही. पुण्याची भाजी पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात विकली जाई. मग इमारतीची टूम निघाली. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. १८८६ साली अष्टकोनी मनोऱ्याची ती देखणी इमारत उभी राहिली आणि तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव मिळाले. पुढे नाव बदलले, ते फुल्यांचेच दिले. ज्या खर्चास त्यांचा विरोध, त्याच वास्तूवर त्यांची पाटी. पुणे शहर उपरोधही सढळ हाताने करते! (त्या मंडईच्या कट्ट्यांवर इतके राजकारण शिजले, की तिला लोक विद्यापीठ म्हणू लागले. आमची पदवी तिथलीच.)

त्याच १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कापसाचा बाजार नियमाखाली आला. विलायतेच्या गिरण्यांस भेसळ नसलेला कापूस हवा होता, हे त्यामागचे मोठे कारण. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार चालवण्यास समिती नेमली गेली. तिच्यात नगरपालिकेला जागा, व्यापाऱ्याला जागा, आणि पिकवणाऱ्याला मात्र नाही. पुढे १९२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी समितीत आले. लिनलिथगो ह्यांच्या शेतकी कमिशनने १९२८ साली अहवाल दिला, त्यात खोटी मापे आणि नाना नावांनी होणारी कापाकापी ह्यांचा पाढा आहे. दोन हात रुमालाखाली जात, बोटे दाबून भाव ठरे, आणि ज्याचा माल तो जवळ उभा राहून रुमालाकडे पाहत बसे. राज्याचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. त्याने उघडा लिलाव आणि परवाने आणले. रुमाल गेला. पट्टी राहिली.

आता हमालाकडे वळू. ओझे वाहणाऱ्यास मालक कोण हेच सांगता येत नसे. अडता म्हणे, माझा नोकर नव्हे. खरेदीदार म्हणे, माझा नव्हे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली ती ह्या बेवारशी माणसांची. माथाडी कायदा १९६९ साली झाला, मंडळे आली, नोंदलेल्या टोळीची मजुरी मंडळामार्फत जाऊ लागली, आणि ज्याने जन्मात पगारी रजा ऐकली नव्हती त्याच्या नावे भविष्यनिर्वाह निधीचे खाते निघाले. पाठीवरच्या वजनाचा लढा तर फारच लांबला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने वाहण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. आणि इकडे १०० किलोचे पोते पन्नासाचे व्हावे म्हणून हमाल पंचायतीला वर्षानुवर्षे भांडावे लागले. ज्याचा कणा चाळिशीत बसतो, त्याला हा आकडेमोडीचा प्रश्न वाटत नाही.

हे सारे आम्हांस अभिमानाचे आहे. परंतु हिशेब दुसऱ्या बाजूनेही पाहिला पाहिजे. बाजाराची रीत अशी, की विक्री होईपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा आणि विक्रीनंतरचा घेणाऱ्याचा. म्हणजे टेम्पोतून माल उतरवण्याची हमाली शेतकऱ्याच्या पट्टीवर चढते. आम्ही समजत होतो की आम्ही गाळ्यावरच्या माणसाशी झगडलो. त्याने मागणी मान्य केली, हसून हात मिळवला आणि खर्च खालच्या रकान्यात लिहून टाकला. २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा बदल झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. तो बदल घडू शकला, ह्याचा अर्थ रकाने काही देवाने आखलेले नाहीत. मग उतराईचा रकाना आम्ही इतकी वर्षे का धरला नाही? आम्हांस दिसला नाही, हे खरे उत्तर. आणि ते सुखाचे नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. टोळीतले जुने लोक चिडले. "आधीच दर वाढवून घेताना जीव जातो, त्यात शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आपण का मांडायचे? तो आपल्यासाठी कधी आला होता?" त्यांचेही खोटे नव्हते. तेवढ्यात मागे बसलेला एक तरुण हमाल उठला. बीडकडचा, दुष्काळात गाव सोडून आलेला. दोन एकर कोरडवाहू अजून घरी आहे. तो म्हणाला, "मागच्या साली आमच्या बापानं कांदा इथंच आणला होता. आमच्याच टोळीनं उतरवला. चार गोण्या मी सोताच वाहिल्या. पट्टी आली तेव्हा बापानं इचारलं, ह्यातली तुझी हमाली किती? म्हनला, तेवढी तरी घरात ऱ्हायली."

कोणी हसले, कोणी हसले नाही. ठराव त्या दिवशी झाला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीस मात्र पाचसहा जणांनी आपापल्या गावाकडच्या पट्ट्या खिशात घालून आणल्या होत्या.