एक वाईट दिवस आणि अख्खा सीझन: प्लेऑफची गोष्ट

इअरफोन नीट लावा. आजचा एपिसोड एका हरलेल्या मॅचपासून सुरू होतो, आणि ती मॅच माझ्यामुळे हरली होती.

आमचं गाव धर्माबाद. मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध, आणि गाव संपलं की थोड्या अंतरावर तेलंगणा सुरू. मी अकरावीत असताना टेनिस बॉलची स्पर्धा होती. साखळीत आमची टीम एकही मॅच हरली नाही. सेमीफायनलला शेवटची ओव्हर माझ्याकडे आली. समोरच्यांना आठ रन पाहिजे होते, मी ते चार बॉलांतच देऊन टाकले. विषय संपला. गंमत म्हणजे त्याच टीमला साखळीत आम्ही आरामात हरवलं होतं. रात्री घरी दादा म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखाच होता ना?" होता, बाबा. पण सारखा नियम म्हणजे बरोबर नियम का? हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आता थेट १९३४ मध्ये जाऊ. रणजी ट्रॉफी तेव्हा सुरू झाली. पद्धत सोपी होती: देशाचे विभाग पाडायचे, विभागात बाद फेरी खेळवायची, हरला की घरी. पहिलीच मॅच मद्रास विरुद्ध म्हैसूर, ४ नोव्हेंबर १९३४, चेपॉकवर. म्हैसूर ४८ आणि ५९ मध्ये गुंडाळलं गेलं आणि मॅच एका दिवसात संपली. म्हणजे म्हैसूरचा पूर्ण रणजी सीझन एका दिवसाचा! वर्षभर सराव करा आणि संध्याकाळी बॅगा भरा.

तेव्हा असं का ठेवलं असेल? हिशोब बघा. आठ टीम असतील तर बाद फेरीत सात मॅचमध्ये विजेता मिळतो. तेच सगळ्यांना सगळ्यांशी खेळवलं तर २८ मॅच. रेल्वेनं प्रवास आणि कित्येक दिवसांची मॅच, त्यामुळे बाद फेरी स्वस्त पडते. फक्त तिची किंमत हरणारा मोजतो.

विभागांमुळे दुसरी अडचण आली, आणि ती आपल्या महाराष्ट्राच्याच वाट्याला आली. मुंबई आणि महाराष्ट्र दोघंही पश्चिम विभागात. प्रो. दि. ब. देवधरांच्या टीमनं १९३९-४० आणि १९४०-४१ असं लागोपाठ दोनदा विजेतेपद आणलं. पण एका विभागातून एकच टीम पुढे जाणार असेल, तर या दोघांतल्या एकाला घरीच बसावं लागणार. मग ती देशात दुसऱ्या नंबरची का असेना!

१९४८-४९ चा सीझन मात्र वेगळा होता. त्या वर्षी विभाग नव्हते. आपल्याकडे निजामाचं राज्य सप्टेंबरमध्येच संपलं होतं, आणि डिसेंबरमध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढले. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम दहा रनांत मोडला असता, तर काठियावाडनं मॅचच सोडून दिली. पुढे सेमीफायनलला महाराष्ट्रासमोर कोण? मुंबई. पुण्यातच. मुंबईचे ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राचे ४०७ आणि ६०४. बेरीज करा: २३७६ रन. प्रथम श्रेणीच्या मॅचमध्ये इतके रन कधीच झालेले नाहीत. मॅच मुंबईनं जिंकली. पण विभाग असते तर सेमीफायनलला या दोन टीम समोरासमोर आल्याच नसत्या, हे लक्षात घ्या.

विभाग परत आले. १९५७-५८ पासून विभागात साखळी सुरू झाली, म्हणजे एका पराभवानं सीझन संपणं थांबलं. पण पुढे मात्र विभागातली पहिलीच टीम जायची. आणि १९५८-५९ पासून मुंबईनं विजेतेपदांचा जो धडाका लावला, तो लागोपाठ १५ वर्षं! यातली पहिली बारा वर्षं बघा. दरवर्षी पश्चिमेतून मुंबईच पुढे. महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांच्यापैकी कुणालाच विभागाबाहेर पडता आलं नाही. एखाद्या पोराचं सगळं करिअर यात निघून गेलं असेल. चांगला खेळला, पण बाद फेरीत कधी दिसलाच नाही.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला: प्रत्येक विभागातून पहिले दोन. आणि पहिल्याच वर्षी फायनलला कोण आलं? मुंबई आणि महाराष्ट्र! मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर तेव्हा वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेली मुंबई खेळली आणि तरीही जिंकली. पण फायनलच्या त्या जागेवर महाराष्ट्राचा हक्क होता, हे नियमातली एक ओळ बदलल्यावर दिसलं.

आता आयपीएल. पहिली तीन वर्षं साधी सेमीफायनल होती. २००९ मध्ये गुणतक्त्यात दिल्ली पहिली, आपल्या शेजारची डेक्कन चार्जर्स चौथी. सेमीफायनलला डेक्कननं दिल्लीला हरवलं आणि पुढे कपही नेला. धर्माबादेत सगळे खूश, मी पण नाचलो. पण दिल्लीवाल्यांचं काय? साखळीत पहिलं येऊन एका संध्याकाळी बाहेर. माझ्या त्या ओव्हरसारखंच.

२०११ पासून प्लेऑफ आले. ही कल्पना मूळची ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलची. व्हिक्टोरियाच्या लीगनं १९३१ मध्ये ती घेतली आणि पर्सी पेज यांच्या नावानं ती ओळखली जाते. पहिल्या दोन टीम क्वालिफायर वन खेळतात. जिंकणारी फायनलला, हरणारीला अजून एक चान्स. तिसरी आणि चौथी एलिमिनेटर खेळतात. तिथे हरली की घरी.

इंजिनिअर आहे, आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा प्रत्येक मॅच नाणेफेकीसारखी, अर्धी-अर्धी. साध्या सेमीफायनलमध्ये चौघांनाही कप जिंकायची संधी २५ टक्के. मग पहिलं येऊन मिळवलं काय? प्लेऑफमध्ये पहिल्या दोघांना ३७.५ टक्के, तिसऱ्या-चौथ्याला १२.५. म्हणजे साखळीतल्या मेहनतीला भाव आला, पण खालच्यांचं दार बंद झालं नाही. २०१६ ला सनरायझर्स हैदराबाद तिसरे होते. एलिमिनेटर, क्वालिफायर टू, फायनल, तिन्ही जिंकून कप आणला. आणि या सगळ्यासाठी मॅच किती वाढली? फक्त एक. तीनच्या जागी चार.

यंदा दिवाळीत गावी गेलो तेव्हा पोरांना मी हेच कागदावर काढून दाखवलं. एक जण लगेच म्हणाला, "दादा, पहिल्या दोघांनाच दोन चान्स का? आम्ही काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "तुम्ही पहिले दोन या ना!" सगळे हसले. पण एक जास्तीची मॅच घ्यायचं ठरलं.

दादाला मात्र आता उत्तर देता येतं. नियम सगळ्यांना सारखा होता, खरंय. पण महिनाभर चांगलं खेळलेल्याला एक वाईट दिवस माफ असावा, एवढीही जागा त्यात नव्हती.

तुमच्या गावच्या स्पर्धेत कोणती पद्धत आहे, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला. आणि हो, शेवटची ओव्हर मला देऊ नका!