हरकतीची वेळ

'हरकत' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ हालचाल, गती. हिंदीत तो 'कृत्य', आणि तेही बहुधा न शोभणारे कृत्य, या अर्थाने स्थिरावला. गायनात गवयाने सुरांची घेतलेली झटपट, नाजूक फिरत म्हणजे हरकत. मराठी व्यवहारात मात्र या शब्दाने आपल्या जन्मार्थाशी उभा दावा मांडला. इथे हरकत म्हणजे आडकाठी, आक्षेप. गतीचा शब्द अडवणुकीचा झाला. 'काही हरकत नाही' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, त्या अर्थी हरकत घेणे हा आपल्याला अपवाद वाटतो, नियम नव्हे.

हे शब्दपुराण सुचण्याचे निमित्त साधे आहे. आमच्या उपनगरातील गल्लीत चार मजली इमारतींच्या जागी एकामागून एक बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्या. पाण्याचा दाब कमी झाला, पावसाळ्यात गटाराचे पाणी जिन्यापर्यंत येऊ लागले. तेव्हा सोसायटीच्या वतीने एक अर्ज लिहिण्याचे काम, 'तुम्ही मराठीचे प्राध्यापक' या एकाच पात्रतेवर, माझ्याकडे आले. अर्ज बरा उतरला होता. संबंधित कार्यालयातील गृहस्थांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "सर, तुमचं म्हणणं खरं आहे. पण हरकतीची मुदत संपून बरीच वर्षं झाली." ती मुदत संपली तेव्हा ती इमारत नव्हती, बांधकाम व्यावसायिक नव्हता, पाण्याची टंचाईही नव्हती. हरकत कशाला घ्यायची, तेच त्या वेळी अस्तित्वात नव्हते!

घरी परतताना वाटले, हा केवळ कार्यालयीन विनोद नव्हे. रहिवाशाच्या आक्षेपाला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात वेळेचा हा घोळ वारंवार दिसतो.

आधी अधिकाराचा विचार करू. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, दादर-माटुंग्यासारख्या नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. त्या काळच्या तक्रारींत ठळकपणे ऐकू येतो तो घरमालकाचा आवाज, आणि तो मुख्यतः नुकसानभरपाईबद्दल बोलतो. पाडलेल्या चाळींतला भाडेकरू शेजारच्या आधीच भरलेल्या चाळीत शिरला. त्याची हरकत नोंदवायला रकानाच नव्हता. १९१५ च्या नगररचना कायद्याने योजनेमुळे 'बाधित' होणाऱ्याला लेखी हरकतीचा हक्क दिला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विकास आराखड्यावर 'कोणतीही व्यक्ती' हरकत वा सूचना पाठवू शकते, अशी तरतूद आली. 'बाधित व्यक्ती' ते 'कोणतीही व्यक्ती' हा प्रवास लहान नव्हे. मालमत्तेच्या पलीकडे जाऊन नुसता रहिवासी, पायी चालणारा माणूससुद्धा, कायद्याच्या भाषेत बोलता झाला.

पण तो बोलू शकतो तो आराखड्यावर किंवा त्यातील बदलावर. आराखडा सुमारे वीस वर्षांचा असतो. त्यात रंगीत पट्टे असतात, आरक्षणाचे क्रमांक असतात, चटई क्षेत्र निर्देशांक असतो. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते हा निर्देशांक ठरवतो. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहरासाठी तो १.३३ आणि उपनगरांसाठी १ होता. शेजारच्या भूखंडावर प्रत्यक्ष इमारतीला परवानगी देताना मात्र शेजाऱ्याला विचारण्याची पद्धत नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने मोठ्या बांधकामांना पूर्वमंजुरी आवश्यक केली, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे रहिवाशाने बोलायचे ते आकड्यावर. आकडा जेव्हा सिमेंटचे रूप घेतो, तेव्हा त्याने गप्प बसायचे.

जमिनीखालच्या गोष्टींचे पंचांग तर आणखी वेगळे. १८४५ च्या सुमारास मुंबईत पाण्याच्या टंचाईवरून असंतोष उसळला, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि विहारचे पाणी नळाने शहरात आले ते १८६० मध्ये. पाणी आले, पण ते वापरून झाल्यावर वाहून नेणारी गटारे त्याच चालीने आली नाहीत. पुढे पर्जन्यवाहिन्यांचेही तेच झाले. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ही क्षमता दुप्पट करावी, असे ब्रिमस्टोवॅड या अहवालाने १९९३ मध्ये सांगितले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तो अहवाल बारा वर्षांचा झाला होता. इतक्या पावसापुढे दुप्पट क्षमताही अपुरी पडली असती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण दरम्यानच्या बारा वर्षांत ज्या इमारती उठल्या, त्यांना थांबण्यास कोणी सांगितले नव्हते, हेही खरे.

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण गिरणगावाचे. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला गिरणगाव परका नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आणि त्यानंतरची वाताहत आपण जयंत पवारांच्या 'अधांतर'मधून वर्गात शिकवत आलो आहोत. पण आपला अभ्यास बहुधा गिरणीचा भोंगा बंद होतो तिथे थांबतो. त्या जमिनीवर पुढे काय उगवले आणि त्याला पाणी, रस्ता, पूल कुठून मिळाले, हा प्रश्न आपण नगररचनाकारांवर सोडून मोकळे होतो.

१९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचार मांडला. सुटे सुटे भूखंड न विकता सलग आखणी करावी, स्थानकांभोवती माणसांना वावरायला जागा ठेवावी, असा त्याचा रोख होता. तो अहवाल कागदावर राहिला. २००१ मध्ये नियमच बदलला. वाटणी करायची ती फक्त 'मोकळ्या' जमिनीची, असे ठरले. मोकळी म्हणजे कोणती? आधीपासून रिकामी असलेली, की गिरणीची शेड पाडल्यावर रिकामी होणारी? सारा वाद एका विशेषणाच्या अर्थावर येऊन ठेपला. पहिला अर्थ धरला, तर सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन फारच थोडी उरत होती.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने २००५ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे महापुराला तीन महिने होत असताना, निकाल संस्थेच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. याचिका येण्यास लागलेला वेळ आणि दरम्यान निर्माण झालेले इतरांचे हितसंबंध यांचाही विचार त्या निकालात आहे. कायद्याच्या दृष्टीने ते तर्कसंगतच म्हणावे लागेल. पण रहिवाशाच्या जागेवरून पाहिले तर? २००१ मध्ये विशेषण बदलले तेव्हा परळच्या माणसाला काहीच दिसले नव्हते. दिसू लागले तेव्हा उशीर झाला होता.

मग मनोरे आले, कार्यालये आली. गिरणीच्या पाळीला चालत येणारा कामगार गेला आणि विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने येणारी नोकरदार माणसे आली. नवी मुंबई घडवणाऱ्या या माणसांना उतरण्यासाठी स्थानके जुनीच होती. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) आणि मध्य रेल्वेचे परळ यांना जोडणारा पादचारी पूल अरुंदच राहिला. त्याबद्दल प्रवासी तक्रारी करत होते, खासदारांनी पत्रे लिहिली होती, नव्या रुंद पुलाला मंजुरीही मिळाली होती. काम सुरू व्हायचे होते.

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याचा आदला दिवस, सकाळची गर्दी, अचानक आलेला पाऊस. आडोशाला थांबलेली माणसे खाली उतरेनात, वर चढणारी थांबेनात. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. कुणीतरी 'फूल गिर गया' असे ओरडले आणि गर्दीने ते 'पुल गिर गया' असे ऐकले, अशी हकिकत तेव्हा वृत्तपत्रांतून आली होती. एका अक्षराच्या प्राणत्वावर वर्ग घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ती वाचून पुढे वाचवले नाही. चौकशीत पाऊस आणि गर्दी ही कारणे पुढे आली. आधीच्या सोळा वर्षांतल्या त्या विशेषणाचा उल्लेख अशा अहवालात येण्याचे कारण नव्हते. मीही कार्यकारणाची सरळ रेघ ओढत नाही. पूल रेल्वेचा, जमीन गिरण्यांची, नियम राज्याचा, रस्ते महापालिकेचे. पण रहिवाशाची हरकत नेमकी या चौघांच्या मधल्या फटीत पडते, एवढे दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे. त्यानंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये, घोषणेपासून चार महिन्यांच्या आत, उभा राहिला. इतक्या दिवसांत हे होऊ शकत होते तर!

इथवर लिहिल्यावर स्वतःलाच एक प्रश्न विचारणे भाग आहे. 'आता इथे आणखी माणसे नकोत' असे म्हणणारा रहिवासी स्वतः कधी आला? आमची इमारत १९७० च्या दशकातली. ती भातशेतीवर उभी आहे, आणि तेव्हाच्या गावकऱ्यांच्या विहिरी आमच्यामुळे आटल्या असतील तर त्यांची हरकत कुणी लिहून घेतली नाही. गिरणगावातही म्हाडाच्या वाट्याची जमीन म्हणजे कामगारांच्या घरांची आशा होती. तिथे नव्या बांधकामाला सरसकट विरोध करणे म्हणजे त्यांच्याच तोंडचा घास काढणे झाले असते. तेव्हा हरकत माणसांना आहे की माणसांना न पुरणाऱ्या नळाला, हे प्रत्येक अर्जात तपासून पाहावे लागते. माझ्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात 'बाहेरून आलेले' असा एक शब्दप्रयोग होता. तो मी नंतर खोडला. सोसायटीच्या सचिवांना तो खोडणे फारसे पटले नव्हते.

नळाचा मुद्दा न्यायालयाने उचलून धरल्याचेही उदाहरण आहे. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमी भरून वाहत असताना कचरा टाकायला जागा नाही, मग नव्या इमारती कशाच्या भरवशावर, असा प्रश्न करून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. पुनर्विकासाला त्यातून सूट होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांसाठी अटींसह मोकळीक दिली. त्या दोन वर्षांत 'कचरा कुठे टाकणार?' हा गृहिणीचा प्रश्न शहराच्या बांधकामाचे वेळापत्रक ठरवत होता.

प्रभादेवीच्या त्याच परिसरातला, वाहनांसाठीचा शंभरहून अधिक वर्षांचा एल्फिन्स्टन पूलही आता गेला आहे. अटल सेतूकडे जाणाऱ्या उन्नत मार्गासाठी तो पाडायचे ठरले. एप्रिल २०२५ मध्ये पुलाशेजारच्या जुन्या इमारतींतील रहिवासी रस्त्यावर उतरले; आमचे पुनर्वसन कुठे, हे आधी सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. पूल बंद करणे तेव्हा लांबणीवर पडले. १२ सप्टेंबर २०२५ ला तो बंद झाला. मधल्या पाच महिन्यांत त्यांनी लिहिलेले अर्ज कुणीतरी जपून ठेवायला हवेत. आमचा अर्ज मी जपला आहे, आवक क्रमांकाच्या शिक्क्यासह.