ओतीव आकड्यांचं गोत्र

जुन्या डिझेल इंजिनाच्या हेडवर दोन तऱ्हेचे आकडे सापडतात. काही उठावाचे असतात. फाउंड्रीत पॅटर्नवर बसवलेल्या आकड्यांचा ठसा वाळूत उमटतो, त्यात लोखंड ओतलं की तेच आकडे फुगून वर येतात. दुसरे आत दबलेले, मशिनिंग झाल्यावर पंच मारून ठोकलेले. उठावाचे आकडे घराणं सांगतात, पंचाचे त्या एका नगापुरतं बोलतात. म्हणून रॉकेल आणि तारेचा ब्रश घेतल्यावर आधी उठावाचे आकडे मोकळे करावेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये अशा आकड्यांची दोन मोठी घराणी नांदली, आणि दोघांचंही मूळ एकाच जर्मन कंपनीत आहे.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोने 1980च्या दशकात मर्सिडीजचं ओएम 616 इंजिन परवान्याखाली बनवायला घेतलं. 240 डी या मोटारीतून जर्मनीत टॅक्सी म्हणून धावलेलं हे इंजिन इथे मॅटाडोर, ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये बसलं. मर्सिडीजच्या ओतकामावर 616 ने सुरू होणारा आकडा दिसतो. तो निव्वळ रचनेचा क्रमांक आहे. त्यावरून चार सिलिंडर की पाच, बोअर किती, काहीच कळत नाही. 616 चार सिलिंडरचं आणि त्याचं भावंड 617 पाच सिलिंडरचं, हे पाठच असावं लागतं.

दुसरं घराणं टाटांच्या टेल्कोचं. त्याची तऱ्हा वेगळी, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. मर्सिडीजशी 1954 मध्ये झालेला करार 1969 मध्ये संपला. ट्रकच्या नाकावरची मर्सिडीजची चांदणी गेली. टेल्कोने इंजिनांची जी नावं ठेवली, ती चक्क मापं आहेत. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे. 692 म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर बोअर. मर्सिडीजच्या ओएम 312 चं बोअर 90 आणि स्ट्रोक 120 होता. 692 मध्ये स्ट्रोक तोच राहिला, बोअर दोन मिलिमीटरने वाढलं. 697 मध्ये बोअर 97, स्ट्रोक 128, एकूण 5675 सीसी. ही मापं ओएम 352 शी तंतोतंत जुळतात. सुमोचं 483 आणि 1998 च्या इंडिकाचं 475 याच रीतीने वाचायचं. इंडिका पिंपरीतच बनली. 75 मिलिमीटर बोअरची चार सिलिंडरं, 1405 सीसी. ट्रकसाठी घातलेली नावाची रीत मोटारीपर्यंत टिकली, हे मला फार सुंदर वाटतं.

नावं बदलली, तरी पार्ट नंबरचं व्याकरण जुनंच राहिलं. टाटाच्या लांबलचक पार्ट नंबरात पाचवा-सहावा आकडा पाहा. 01 असेल तर भाग इंजिनाचा, 25 क्लचचा, 26 गिअरबॉक्सचा, 42 ब्रेकचा, 54 विजेच्या सामानाचा. मर्सिडीजची गटवारीही हीच आहे.

वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. नावातलं बोअर कारखान्यातलं असतं. रिबोअर करून 97 चं 97.5 झालं, तरी इंजिन 697 च राहतं. दुसरं, इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. हेडला चीर गेली की गॅरेजवाले दुसरं हेड चढवतात, त्यामुळे हेडच्या वयावरून इंजिनाचं वय ठरवू नये.

मर्सिडीज 1994 मध्ये टेल्कोच्याच भागीदारीत पिंपरीला परतली आणि 2009 मध्ये चाकणला गेली. बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली. तीही आज चाकणला मर्सिडीजसाठी इंजिनं जुळवते. वंशावळीची ताजी पानं अशी जपून आहेत, जुनी मात्र किलोच्या भावाने विकली जातात. चिखली-कुदळवाडीतल्या भंगाराच्या शेड आणि गोदामं फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने पाडली, आणि तिथला माल पांगला. ज्यांच्या हाती अजून असं हेड पडतं, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ते वितळायला जाण्याआधी उठावाच्या आकड्यांचा एक फोटो आणि पंचाच्या आकड्यांचा एक फोटो घ्या, आणि हेड कुठल्या गाडीतून उतरवलं ते शेजारी लिहून ठेवा, कारण ही शेवटची गोष्ट लोखंडावर कुठेच लिहिलेली नसते.